पोकळीचा दाखला

रेवदंड्याहून मुरुडकडे जाणारा रस्ता सुरूच्या बनाजवळ जेथे काशीदच्या पांढऱ्या वाळूला भिडतो, तेथे मागे उभ्या असलेल्या डोंगरांच्या काळ्या पाषाणात ऑक्सिजनखालोखाल मोठा वाटा सिलिकॉनचा आहे. आणि भूपृष्ठावर इतके मुबलक असलेले हे मूलद्रव्य शुद्ध करून स्फटिकरूपात आणले, की ते विजेला तांब्यासारखी मुक्त वाट देत नाही आणि काचेसारखा पूर्ण मज्जावही करीत नाही. अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात.

सिलिकॉनच्या प्रत्येक अणूचे चार बाह्य इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी जखडलेले असतात, आणि त्यांतला एखादा सुटायचा तर सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. नेहमीच्या तापमानाला ही ऊर्जा साधारण ५ लाख कोटी अणूंमागे एखाद्याच इलेक्ट्रॉनला लाभते. परंतु दर १० लाख अणूंमागे फॉस्फरसचा एकच अणू मिसळला, तर त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन बंधनावाचून उरतो आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे ५० लाख पटींनी वाढते. उलट बोरॉन मिसळला, तर त्याच्यापाशी बाह्य इलेक्ट्रॉन तीनच असल्याने एक बंध अपुरा राहून तेथे पोकळी पडते. शेजारचा इलेक्ट्रॉन ती भरून काढतो, त्याची जागा रिकामी होते, आणि पंगतीत एकेक जण सरकला म्हणजे रिकामा पाट जसा उलट दिशेने जातो, तशी ही पोकळी धन प्रभाराप्रमाणे स्फटिकातून प्रवास करते.

येथे चिकित्सक वाचक हरकत घेईल, की सरकतात ती अखेर माणसेच, पाट नव्हे. या हरकतीचा निवाडा एडविन हॉल यांनी १८७९ साली, इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या १८ वर्षे आधी, सोन्याच्या पातळ वर्खावर केलेल्या प्रयोगाने होतो. वीज वाहणाऱ्या पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर वाहक ऋण असोत वा धन, ते एकाच कडेला ढकलले जातात. त्यामुळे त्या कडेवर कोणता प्रभार साचला हे पाहिले की वाहकांची जात कळते. फॉस्फरसयुक्त सिलिकॉनमध्ये तेथे ऋण प्रभार साचतो, बोरॉनयुक्त सिलिकॉनमध्ये धन! केवळ पंगतीच्या दृष्टांताने हा धन प्रभार उलगडत नाही. त्यासाठी स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचे तरंगरूप विचारात घ्यावे लागते, आणि तो उलगडा रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९२९ साली केला.

काशीदहून सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबागेस, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १९०४ सालापासून दप्तरी दाखल होत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्याने कुलाबा वेधशाळेच्या नोंदींत व्यत्यय येईल, हे ओळखून तिचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ते काम तेथे हलवण्यात आले. तेच क्षेत्र आज पुष्कळ मोबाइलमधील होकायंत्र अर्धवाहकाच्या इवल्याशा तुकड्यावर, हॉल यांच्याच तत्त्वाने मोजते.

इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांना समान मान दिल्यावाचून ना ट्रान्झिस्टरचे कार्य समजते, ना छपरावरील सौरपट्टीचे. म्हणून आपल्या शाळा-महाविद्यालयांतून पोकळी ही केवळ हिशेबाच्या सोयीची कल्पना म्हणून न शिकवता, मोजमापाचा पक्का दाखला असलेली वस्तुस्थिती म्हणून, आणि शक्य तेथे हॉल यांचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या हातून करवूनच, शिकवली गेली पाहिजे.