मेजर राम राघोबा राणे : रस्ता मोकळा करणारे परमवीर

परमवीरचक्र म्हटलं की डोळ्यांसमोर हातघाईची लढाई येते. मेजर राम राघोबा राणे यांना हे पदक मिळालं ते सुरुंग काढून, आडवी टाकलेली झाडं उडवून रणगाड्यांसाठी रस्ता केला म्हणून. त्यानंतर ते चाळीसहून अधिक वर्षं जगले, संसार केला, मुलं वाढवली. त्यांची आठवण काढताना हा दुसरा भाग आपण फार लवकर उरकतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चेंडिया ते खडकी

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. बदली होईल तिथे बिऱ्हाड, त्यामुळे शाळाही बदलत राहिल्या. जुलै १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. या दलाचं केंद्र आजही पुण्यात खडकीला आहे.

सॅपर पायदळाच्या आधी पोचतो. पूल बांधायचे, वेळ आली तर तेच उडवायचे, सुरुंग शोधून निकामी करायचे, हे त्याचं काम. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात होते. सैन्य मागे हटत असताना बुथिडाँग इथली रसद शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती नष्ट करायला मागे ठेवलेल्या तुकडीत ते होते. शिपाई म्हणून लागलेला हा माणूस डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला.

एप्रिल १९४८ : नौशेरा ते चिंगस

भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं आणि जम्मू-काश्मीरमधली राजौरी घुसखोरांच्या ताब्यात होती. नौशेऱ्याहून तिकडे जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने जागोजागी उखडून टाकला होता. ८ एप्रिलला चौथ्या डोग्रा पलटणीबरोबर राणे आणि ३७ असॉल्ट फिल्ड कंपनीतली त्यांची तुकडी निघाली. कामाला हात घालतात तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते.

त्यांनी तुकडी पुन्हा उभी केली आणि रात्री दहापर्यंत काम केलं. ९ तारखेला पहाटे सहा ते दुपारी तीन, रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार झाला. मग ते सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी पडलेली. उतरून ती सुरुंगाने उडवली. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. त्यापुढे उडवलेली मोरी, वरून मशीनगन. अंधार पडता पडता पाच मोठी पाइनची झाडं, भोवती सुरुंग पेरलेले.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला, गोळीबार चालू असतानाच त्यांनी तो अडथळा काढायला घेतला आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची नुसती रांग होती. दुपारी रणगाडे तावी नदीच्या पात्रातून चिंगसला पोचले. इथे दुसरा कुणी दम घेतला असता. पण मागून रसद आणि पायदळ यायचं तर रस्ता हवाच, म्हणून राणे रात्री नऊपर्यंत, न खाता, न विसावता राबत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. दुसऱ्याच दिवशी सैन्य राजौरीत शिरलं.

पदक

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालं. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. युरोपात जन्मलेल्या, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. १९४७–४८ च्या युद्धासाठी हे पदक पाच जणांना मिळालं. त्यांतले दोघंच जिवंत होते : करम सिंग आणि राणे.

घर

१९५५ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नी राजेश्वरी. १९६८ साली राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि पुढे १९७१ पर्यंत पुन्हा सैन्याच्याच कामावर होते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

हा परिच्छेद किती आखूड झाला पाहा. पदकाच्या सन्मानपत्रात ते चार दिवस तासातासाने लिहून ठेवले आहेत. ज्या घरात हा माणूस नवरा म्हणून, बाप म्हणून वावरला, त्या घराच्या वाट्याला सार्वजनिक नोंदींत चार ओळी येतात. घरच्यांच्या बोलण्यात असलेलं आयुष्य कागदावर कुणी उतरवलंच नाही, तर ते बोलणाऱ्यांबरोबरच जातं.

नाव कुठे कुठे आहे

शिपिंग कॉर्पोरेशनने तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली होती, त्यांत राणेही होते. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरांची नावं मिळाली, त्यांतलं एक त्यांचं. कारवारच्या किनाऱ्यावर, 'चपळ' या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे.

तुमच्या घरातले फौजी

सातारा, कोल्हापूर, सांगली, रायगड, कितीतरी घरांत निवृत्त फौजी आहेत. त्यांचंही आयुष्य बोलणाऱ्यांबरोबरच जाऊ नये म्हणून त्यांचं डिस्चार्ज बुक काढा. पलटण, नेमणुका, तारखा त्यात सापडतात. पदकांच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो वाचून घ्या. '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्याची जुनी पत्रं असतील तर रद्दीत देऊ नका. आणि आजीला विचारा, आजोबा सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी काय करायचे, घर कसं चालायचं, मनीऑर्डर उशिरा आली तर काय व्हायचं. फोनवर रेकॉर्ड करा, तारीख घालून लिहून ठेवा. हे काम या सुट्टीतच करा.