पाण्याच्या वाटेनं बाली

बालीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहलींचा कार्यक्रम सारखाच असतो. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, म्हणून मुक्काम कुटा नाहीतर सेमिन्याकला. एक दिवस उबुड, एक दिवस नुसा पेनिदा, एका संध्याकाळी तानाह लोतचा सूर्यास्त आणि मध्ये कुठेतरी भाताच्या खाचरांवर टांगलेला झोपाळा. ही ठिकाणं बघण्यासारखी आहेत, याबद्दल वाद नाही. पण सुटीसुटी बघितली की त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं हाती लागत नाही. डोंगरावरचं तळं, झऱ्याकाठचं देऊळ आणि उतारावरची खाचरं यांना जोडून ठेवलंय ते पाण्यानं. म्हणून माझं मत असं की बाली वरून खाली बघावं. आधी डोंगर, मग शेतं, समुद्र शेवटी.

बेट तसं लहान, सुमारे ५,७८० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दीडपट. त्याच्या उत्तर-मध्य भागातून ज्वालामुखींची रांग जाते. त्यातला सर्वात उंच गुनुंग आगुंग, तीन हजार मीटरांच्या वर. १९६३ मध्ये तो फुटला तेव्हा हजारावर माणसं गेली. त्याच्या उतारावरचं बेसाकी हे बालीचं सर्वात मोठं देऊळ मात्र लाव्हाच्या वाटेतून थोडक्यात वाचलं. याच ज्वालामुखींनी बेटाला सुपीक माती दिली आणि एक अडचणही दिली. राखेचा खडक मऊ, त्यामुळे नद्यांनी त्यात खोल घळी कापल्या. पाणी घळीच्या तळाशी आणि शेत वर. बालीच्या माणसानं यावर काढलेला तोडगा कष्टाचा होता: नदीच्या वरच्या अंगाला बंधारा घालायचा आणि तिथून डोंगराच्या पोटातून बोगदा खणून पाणी शेतापर्यंत आणायचं. काही बोगदे किलोमीटरभर लांब आहेत आणि ते हातानं खोदलेले आहेत. नवव्या शतकातल्या लेखांतसुद्धा बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख सापडतो.

एवढं काम एकट्या शेतकऱ्याचं नव्हे. एका पाटावर ज्यांची शेतं भिजतात त्या सगळ्यांचा मिळून ‘सुबाक’ होतो. त्याचा प्रमुख पेकासेह. पाटात आडवं लाकूड टाकून त्याला खाचा पाडतात. ज्याच्या वाट्याला जेवढी खाच तेवढं त्याचं पाणी. खानदेशातली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथवर काही नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. प्रत्येक बंधाऱ्यापाशी एक लहानसं देऊळ असतं, अनेक सुबाकांचं मिळून मोठं देऊळ आणि सगळ्यांच्या वर बातूर तळ्याच्या देवीचं, देवी दानूचं, पुरा उलुन दानू बातूर. कोणी कधी लावणी करायची आणि कोणी रान कोरडं ठेवायचं, हे या देवळांतल्या बैठकांत ठरतं.

यात पूजेअर्चेइतकाच रोखठोक हिशेब आहे. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर पाणी पुरत नाही. ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं केली तर कुठे ना कुठे भात उभाच राहतो आणि तुडतुडे, उंदीर एका शेतातून दुसऱ्यात फिरत राहतात. म्हणून शेजारचे सुबाक मिळून एका वेळी लावतात, एका वेळी कापतात. तेवढ्या पट्ट्यात किडीला खायला काही उरत नाही. पुढचा पट्टा काही आठवड्यांच्या अंतरानं. वरच्या शेतकऱ्यानं खालच्याला पाणी का सोडावं, याचं उत्तरही इथेच मिळतं. नाही सोडलं तर खालच्याची लावणी मागे पडेल आणि त्याच्या शेतातली कीड वर येईल. शेजारधर्माला असा पक्का आधार असला की तो टिकतो.

१९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या उत्साहात सरकारनं नवं बियाणं दिलं आणि शक्य तितक्या वेळा पीक घ्या असं सांगितलं. देवळाचं वेळापत्रक मोडलं. पाण्यावरून ओढाताण सुरू झाली आणि किडीनं उभी पिकं खाल्ली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं जेम्स क्रेमर या परिसंस्था-अभ्यासकाच्या साथीनं या नद्यांचं संगणकी प्रारूप बांधलं, तेव्हा देवळांची जुनी वाटणी उत्पन्नाच्या दृष्टीनंही उत्तम ठरते असं दिसलं. लान्सिंगचं यावरचं पुस्तक १९९१ चं. पुढे २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता बघायचं काय? बातूरला बहुतेक प्रवासी मध्यरात्री उठून सूर्योदयासाठी डोंगर चढतात आणि नाश्ता करून परततात. ज्वालामुखीच्या कडेवरचं देऊळ मात्र राहून जातं. ते आधी खाली तळ्याजवळ होतं. १९२६ च्या उद्रेकात गाव गाडलं गेलं तेव्हा गाव आणि देऊळ दोन्ही वर आणलं. बेरातान तळ्यातलं उलुन दानू (१६३३) छायाचित्रांमुळे जास्त प्रसिद्ध. सकाळी लवकर जावं, नंतर तिथे निव्वळ बाग आणि गर्दी असते.

तीर्ता एम्पुलला जमिनीतून झरे उसळताना दिसतात. या जागेचा इतिहास इ. स. ९६२ पर्यंत जातो. दगडी तोट्यांखाली लोक रांगेनं स्नान करतात, अलीकडे परदेशी पाहुणेही. तेच पाणी पुढे पाकेरिसान नदीच्या सुबाकांना जातं. याच नदीच्या घळीत जवळच गुनुंग कावी आहे: अकराव्या शतकात कड्यात कोरलेली दहा स्मारकं, प्रत्येक सुमारे सात मीटर उंच. बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून सहलवाले ते टाळतात. बालीत एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हे सांगेन.

खाचरांसाठी तेगालालांगला जाऊ नये असं नाही, पण तिथे हल्ली शेतीपेक्षा झोपाळे ठळक दिसतात. ताबानानमधलं जातिलुविह विस्तीर्ण आहे, तिथे लाल तांदूळ पिकतो आणि पाटाच्या कडेनं तासभर चालता येतं. खाली उतरत चांगूकडे आलात की उलट चित्र: जिथे खाचरं होती तिथे व्हिला. मधलं एक शेत बुजलं की पाट तुटतो आणि त्याच्या खालच्यांनाही शेत विकण्यावाचून मार्ग उरत नाही.

समुद्रातल्या खडकावरचं तानाह लोत हे सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरार्थ या पुरोहिताच्या नावाशी जोडलेलं. लाटांनी खडक झिजू लागला तेव्हा त्याची दुरुस्ती झाली. आज दिसणारा बराच खडक कृत्रिम आहे आणि तो ओळखू येत नाही, हे कारागिरांचं कौतुक. उलुवातूचा कडा आणि तिथला सूर्यास्ताचा केचाक नाच बघावा. रामायणाची कथा असली तरी आजच्या रूपातला हा नाच १९३० च्या दशकात घडला. चष्मा मात्र खिशात ठेवावा. तिथली माकडं तो पळवतात आणि खाऊ मिळाल्यावरच परत करतात.

मराठी प्रवाशानं तारखेकडेही लक्ष द्यावं. बालीचं वर्षही शक संवत्सराचंच. तिथला वर्षारंभ म्हणजे न्येपी. त्याआधी ‘मेलास्ती’त गावोगावचे देव मिरवणुकीनं समुद्रावर नाहीतर तळ्यावर नेतात. न्येपीच्या दिवशी मात्र चोवीस तास रस्ते बंद, दिवे बंद, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला होते. पण अधिक महिन्याचा हिशेब वेगळा असल्यामुळे २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. मार्चचं तिकीट काढणाऱ्यानं आपल्या दिनदर्शिकेवर विसंबू नये, तिथली तारीख बघूनच पैसे भरावेत.