मेंदूतले घड्याळ

लाजाळूचे झाड कोकणातल्या माणसाला दाखवावे लागत नाही. हात लावला की त्याची पाने मिटतात, आणि सांज झाली की हात न लावताही मिटतात. ऊन गेले म्हणून मिटली, असे आपण समजतो. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे रोपटे अंधारात ठेवून पाहिले. ऊन दिसत नसतानाही पाने सकाळी उघडत आणि रात्री मिटत. वेळ कळण्याची सोय झाडाच्या आतच होती!

आपल्यातही ती आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर डावा-उजवा असे दोन चिमुकले पुंजके असतात. दोन्ही मिळून पेशी सुमारे वीस हजार. १९७२ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांमधले हे पुंजके नष्ट केले, तेव्हा त्यांच्या हिंडण्या-पिण्याच्या वेळांचा ताळतंत्रच राहिला नाही.

यातल्या प्रत्येक पेशीचे काम गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखे चालते. टाकी भरली की तरंगता गोळा वर येतो आणि पाणी बंद करतो. पेशीत जनुकाच्या हुकमाने एक प्रथिन तयार होते, साठत जाते, आणि पुरेसे साठले की पेशीकेंद्रात शिरून त्याच जनुकाला थांबवते. मग ते हळूहळू नाहीसे होते आणि काम पुन्हा सुरू होते. हा एक फेरा साधारण एका दिवसाचा. फळमाशीत ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे हे घड्याळ मात्र चोवीस तासांहून काही मिनिटे मागे पडणारे असते. म्हणून ते रोज लावून घ्यावे लागते, आणि लावणारा आहे उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम दृश्य दाखवण्याचे नसून उजेड किती आहे हे घड्याळाला कळवण्याचे असते. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा मागे ओढतो.

आता आपल्या मिरकरवाड्याकडे येऊ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. अशाच दिवसांत एक खलाशी माझ्याकडे झोपेची गोळी मागायला आले. हंगामभर रात्री समुद्रावर काढलेल्या. आता काम नाही, तरी तीनपर्यंत डोळा लागेना. तोवर मोबाइल चालू, आणि उठायचे अकराला. म्हणजे घड्याळ मागे ओढणारा उजेड भरपूर आणि पुढे सरकवणारा शून्य. गोळीने झोप येईल, पण काटे फिरणार नाहीत, असे मी त्यांना सांगितले.

एकदम पहाटे पाचला उठून उजेडात बसण्याचा उपाय अशा माणसाला उलटा पडतो, कारण त्याच्या शरीराच्या लेखी तेव्हा ऐन रात्र असते. म्हणून दर दोन दिवसांनी अर्धा तास लवकर उठायचे, उठल्यावर अर्धा तास पडवीत बसायचे, आणि रात्री दहानंतर मोबाइल बाजूला. पावसात कसला उजेड, असे त्यांनी विचारले. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो! तीन आठवड्यांत त्यांची झोप बाराच्या आत आली.

यकृत, आतडी यांचीही आपापली घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेवरही चालतात. रात्रपाळीच्या परिचारिका, कारखान्यातले कामगार यांना पित्ताचा आणि वाढत्या साखरेचा त्रास का होतो, त्याचे एक कारण येथे आहे. मध्यरात्रीनंतरचे भरपेट जेवण त्यांनी टाळावे, हलके काही खावे, आणि दिवसा झोपताना खोलीत पूर्ण अंधार करावा.

आणखी एक. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि सावधपणाही तेव्हाच तळाला जातो. गणपतीला मुंबईहून रात्रभर गाडी हाकत येणारे चाकरमानी नेमके त्याच वेळी घाटात असतात. त्यांना आजच फोन करून सांगा, की तीनच्या सुमारास गाडी सुरक्षित जागी थांबवून थोडी झोप काढा आणि पुरते जागे झाल्यावरच पुढे निघा. नुसत्या चहावर विसंबू नका.