पाटील, कोतवाल आणि दोन रुपयांचे निर्माते

निजामपुऱ्याचं नाव थेट महापालिकेच्या पाटीवर आहे : भिवंडी-निजामपूर. सिनेमात मात्र हे गाव मागच्या दाराने शिरलं. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी इथे आले, त्यांना फाळणीतली रावळपिंडी आठवली आणि ‘तमस’ कादंबरी लिहायला घेतली गेली. १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर आणली गोविंद निहलानींनी. हेच निहलानी ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक, आणि त्या दोन्हींचे पटकथाकार विजय तेंडुलकर. भिवंडी पेटली त्याच दशकात तेंडुलकर नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचा अभ्यास करत फिरत होते.

त्यांच्या पटकथा ओळीने पाहा, मजा येते. ‘सामना’त (१९७५) निळू फुले साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील, आणि मारुती कांबळेचं काय झालं म्हणून त्यांच्या राशीला लागणारे दारुडे मास्तर म्हणजे श्रीराम लागू. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) बरोब्बर उलटं! आता लागू मुख्यमंत्र्यांची खुर्ची ओढणारे अर्थमंत्री, आणि फुले सगळं बघून शेवटी वेडा होणारा पत्रकार दिगू. प्रश्न विचारणाऱ्याचं तेंडुलकर कधीच भलं होऊ देत नाहीत.

ओम पुरींची वाटचाल तर याहून भारी. १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपटात ते घाशीराम : सत्तेनेच घडवलेला आणि काम झाल्यावर सत्तेनेच वाऱ्यावर सोडलेला. (मूळ नाटकाचा पोशाख पेशवाईचा, पण नेम साठच्या दशकातल्या मुंबईतल्या नव्या सेनेवर, असं तेव्हापासून बोललं जातं.) ‘आक्रोश’मध्ये (१९८०) ते कोर्टात तोंडही न उघडणारा आदिवासी लहान्या भिकू. त्याच्याविरुद्ध उभा असलेला सरकारी वकील दुसानेही आदिवासीच, ही तेंडुलकरी पाचर! मग ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) पुरी पुन्हा वर्दीत. सब-इन्स्पेक्टर वेलणकर मारतोही आणि मुकाट सोसतोही, म्हणजे कोतवाल आणि लहान्या एकाच अंगात. या सिनेमाचं बीज श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेत होतं. रामा शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांना त्यावर फिल्मफेअर मिळालं.

सत्तेला थोडा तरी शह बसतो तो ‘मंथन’मध्ये (१९७६). डॉक्टर राव गाव सोडून जातात, पण दूध सोसायटी भोला पुढे रेटतो. याच पटकथेने तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. निर्माते? गुजरातचे पाच लाख शेतकरी, प्रत्येकी दोन रुपये. २०२४ मध्ये नव्याने उजळलेली प्रिंट कान महोत्सवात पोचली.