तलावाचे पाणी पाहा, करारही वाचा

विसाव्या मजल्यावरची गॅलरी, खाली निळाशार जलतरण तलाव आणि शेजारी क्लबहाऊस! मुंबई-पुण्यात असा फ्लॅट विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. पण पतिपत्नी दोघेही कमावते असतील, तर निदान भाड्याने घेण्याचा मोह होतोच. मोह वाईट नाही. मात्र महिन्याला साठ हजार रुपये मोजून राहायला आल्यावर वॉचमनने 'तलाव फक्त मालकांसाठी आहे' असे सांगितले, तर मुलांची समजूत कशी घालणार?

फ्लॅट मालकाचा, तलाव सोसायटीचा

घरमालक तुम्हाला स्वतःचा फ्लॅट देतो. तलाव काही त्याच्या एकट्याचा नसतो. त्याचे नियम सोसायटी ठरवते. म्हणून टोकनची रक्कम देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन विचारा. भाडेकरूंना तलाव खुला आहे का? वेगळे शुल्क पडते का? सुट्टीत आलेल्या भाचरांना पोहू देतात का? मिळालेली उत्तरे करारात लिहून घ्या. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

मेंटेनन्स कोण भरणार, हेही स्पष्ट हवे. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. महाराष्ट्रात २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. हा आकार मालकावर असतो, तो गुपचूप तुमच्या माथी येऊ नये.

पाणी कसे पारखाल?

पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरहून थोडा कमी खोल तलावात लाखभर लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर! त्यामुळे टंचाईत पहिली कुऱ्हाड तलावावर पडते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरायला बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठेवला होता. गेल्या उन्हाळ्यात तलाव किती दिवस बंद होता, हे शेजाऱ्यांना जरूर विचारा.

पाणी पाहायला दिवसा जा. तळाच्या फरश्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा गैरसमज आहे. घाम आणि मळाशी क्लोरीनचा संयोग झाल्यावरच तसा वास येतो. घरात लहान मुले असतील, तर जीवरक्षक कोणत्या वेळी हजर असतो, कुंपणाचे फाटक आपोआप बंद होते का आणि तळाच्या जाळ्या शाबूत आहेत का, हे स्वतः पाहा. जीवरक्षक असला तरी मुलांना एकटे सोडू नका.

कागद पक्का, तर पैसा सुरक्षित

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. खर्चही फार नसतो. समजा, भाडे ६० हजार, परत मिळणारे डिपॉझिट ३ लाख आणि मुदत दोन वर्षे आहे. दोन वर्षांचे भाडे १४ लाख ४० हजार झाले. त्यात डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे ६० हजार मिळवा. एकूण १५ लाखांवर ०.२५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी भागात नोंदणीचे आणखी १,००० रुपये. तीन लाखांच्या सुरक्षिततेसाठी ही रक्कम किरकोळच म्हणायची. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि रंगरंगोटीसाठी किती कापले जाईल, हेही लिहून घ्या. ताबा घेताना एसी, गिझर, फर्निचर यांची यादी करून फोटो काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट अनेक नोकरदारांच्या ध्यानात येत नाही. भाडे महिन्याला ५० हजारांच्या वर असेल, तर त्यातून प्राप्तिकर कापून सरकारकडे भरणे ही भाडेकरूची जबाबदारी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. मालक अनिवासी भारतीय असेल, तर नियम वेगळा आणि दर बराच जास्त असतो. अशा वेळी करसल्लागाराला आधी विचारा.

शेवटी घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून हिशेब करावा. तलाव नसलेल्या तेवढ्याच मोठ्या फ्लॅटचे भाडे किती आणि आपण आठवड्यातून किती वेळा पोहणार? मुले रोज पाण्यात उतरणार असतील, तर जादा पैसे सार्थकी लागतील. नुसते गॅलरीतून पाहायचे असेल, तर त्या फरकात महापालिकेच्या तलावाचे पास काढूनही पैसे उरतील.