भाराखाली उघड होणारा अडथळा

आर्णी तालुक्यात रब्बीचा हंगाम भरात येऊन हरभऱ्यागव्हाला पाणी देण्यासाठी ११ हजार व्होल्टच्या एकाच वाहिनीवरचे कृषिपंप एकदम सुरू झाले, म्हणजे अगदी टोकाच्या डीपीवरील शेतकऱ्याची मोटार नुसती घुरघुरते, पाणी उचलत नाही. आणि पंप बंद असताना तीच वाहिनी तपासावी, तर व्होल्टेज पुरेपूर भरते. सैल झालेला सांधा किंवा भाराच्या मानाने बारीक पडलेली तार दोन्ही वेळी तिथेच असते; परंतु व्होल्टेजमधील घट हा प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार असल्यामुळे, प्रवाह अल्प असेतोवर दोष झाकलेला राहतो.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचीही हकीकत हीच आहे, आणि हे साम्य शास्त्रज्ञांनी अक्षरशः मांडून पाहिले आहे. १९६९ साली डच शास्त्रज्ञ निकोलास वेस्टरहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी रोहिण्यांच्या जाळ्याची विद्युत्प्रतिकृती प्रसिद्ध केली. तीत रक्ताच्या घर्षणासाठी रोधक, त्याच्या जडत्वासाठी वेटोळे आणि रोहिणीच्या भिंतींच्या लवचिकपणासाठी धारित्र योजिले होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की तिचा रोध सोळापट होतो, हा प्वाझय यांचा नियम. तरीही रोहिणी बरीच अरुंद झालेला माणूस ओसरीवर स्वस्थ बसला असेल तर त्याला काहीच जाणवत नाही, कारण अडथळ्यापलीकडील सूक्ष्म वाहिन्या रुंदावून हृदय आपला पुरवठा सांभाळून घेते. कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन तो चढण चढू लागला, की ही राखीव शक्ती संपते आणि छाती आवळून येते.

अँजिओग्राफीत दिसते ती रोहिणीची छाया; पाहणाऱ्याचा अनुभव कितीही दांडगा असो, त्या छायेवरून रक्त किती अडले हे प्रत्येक वेळी निश्चित सांगता येत नाही. म्हणून निको पाइल्स आणि बर्नार्ड द ब्रुइन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत दाब मोजणारी बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात, अडेनोसिन हे औषध देऊन सूक्ष्म वाहिन्या पूर्ण रुंदावतात, म्हणजे सारे पंप एकदम चालू करतात, आणि पलीकडच्या दाबाचे अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर काढतात, ते ०.८० किंवा त्याहून कमी भरले तरच फुगा आणि स्टेंट यांचा विचार. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,००५ रुग्णांच्या ‘फेम’ अभ्यासात या मापनानुसार उपचार झालेल्यांना सरासरी १.९ स्टेंट लागले, छायेवर विसंबून उपचार झालेल्यांना २.७, आणि वर्षाच्या आत मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा उपचाराची पाळी येण्याचे प्रमाण पहिल्या गटात १३.२ टक्के, तर दुसऱ्यात १८.३ टक्के होते. एकाहून अधिक स्टेंट सुचविले गेलेल्या प्रत्येक रुग्णाने, दाब मोजला काय, असे निःसंकोच विचारावे. तो त्याचा हक्कच आहे.

हा सर्व मजकूर जुन्या, स्थिरावलेल्या अडथळ्यापुरता. तार तुटून वाहिनी ट्रिप होते, तेव्हा लाईनमन गुणोत्तरे काढीत बसत नाही. एबी स्विच उघडून एकेक टप्पा वेगळा पाडतो आणि फॉल्टपर्यंत पोहोचतो. गुठळीने रोहिणी अकस्मात बंद झाली असता अशीच त्वरा लागते. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्याजोगी नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात देऊन मग रुग्णाला पुढे न्यावे, असा वैद्यकातील मान्य दंडक आहे. आर्णीहून यवतमाळ सुमारे ४० किलोमीटर, नागपूर त्याच्याही कितीतरी पुढे. खेड्यातून वाहन मिळविण्यात जाणारा वेळ हिशेबात धरला, तर ईसीजीचे यंत्र, तो वाचू शकणारा डॉक्टर आणि ते इंजेक्शन तालुक्यातच रात्रीबेरात्री हजर असण्याचा बंदोबस्त ही येथील सर्वांत पहिली निकड होय.