तापीकाठची फिर्याद, भोपाळचं सभागृह

मे महिन्यात बऱ्हाणपूरच्या केळीबागेत वावटळ शिरली की आधी पानं फाटतात, मग भरल्या घडाच्या भाराने खोड मधूनच मोडतं. बारा-चौदा महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात आडवी होते. तो वारा इच्छापूरच्या वेशीवर थांबत नाही. पलीकडे महाराष्ट्रातल्या मुक्ताईनगर, रावेरच्या बागाही तो तसाच झोडपतो. पण दुसऱ्या दिवशी पडलेली झाडं मोजायला येणारी माणसं निराळी. तिकडे तलाठी येतो, पंचनामा करतो, सातबारा पाहतो. इकडे पटवारी येतो, खसरा पाहतो आणि मदतीचा हिशेब मध्य प्रदेशच्या राजस्व पुस्तक परिपत्रकातल्या ६-४ प्रमाणे मांडतो. शेतकरी त्याला नुसतं 'आरबीसी सहा-चार' म्हणतात. जळगाव जिल्ह्यातल्या केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. आम्हालाही तो द्या, असं बऱ्हाणपूरचा शेतकरी वर्षानुवर्षं सांगत आला आहे.

सांगायचं कोणाला? आमदाराला. तो ते भोपाळला नेणार, हिंदीतून मांडणार. बऱ्हाणपूरची आमदारकी ही मला म्हणूनच एक वेगळी संस्था वाटते. माणसं बदलतात, पक्ष बदलतात, पण त्या जागेवर बसणाऱ्याच्या वाट्याला येणारं काम बदलत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या मुलखाचं गाऱ्हाणं उत्तरेकडे पोहोचवायचं, हे ते काम.

हा मुलूख दक्षिणेकडे पाहतो, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. ज्या सूफी संताच्या नावाने फारुकी सुलतानांनी हे शहर वसवलं, ते बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलताबादला चिरविश्रांती घेत आहेत. मोगलांसाठी बऱ्हाणपूर हा दख्खनचा दरवाजा होता. आजही इथलं रेल्वे स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात मोडतं, म्हणजे रेल्वेचं वरचं कार्यालय मुंबईला. शाहपूरकडच्या खेड्यांत घरातली भाषा मराठी, सोयरीक रावेर-यावलकडची.

१९५६ पर्यंत राजधानीची वाटही याच अंगाला होती. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. त्या राज्याने १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा केलं होतं. बऱ्हाणपूरचा प्रतिनिधी नागपूरच्या सभागृहात उभा राहायचा, तेव्हा अवतीभवती वऱ्हाड-नागपूरचे मराठी सदस्य असायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बऱ्हाणपूरसकट निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. बऱ्हाणपुरातलं एकही घर जागचं हललं नाही. पण त्या दिवसापासून इथल्या मराठी माणसाची भाषा सभागृहात पाहुणी झाली.

राज्यघटनेचं कलम २१० सांगतं की विधिमंडळाचं काम राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल; ज्याला त्यांतल्या कुठल्याही भाषेत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेतून बोलू देऊ शकतात. बऱ्हाणपूरच्या आमदाराला हिंदी उत्तम येते, त्यामुळे ही सवलत मागायचं त्याला कारणच उरत नाही. तो 'कांदेबाग' आणि 'मृगबाग' हे शब्द घरी ठेवतो आणि 'केला फसल' म्हणून बोलतो. लागवडीच्या या दोन हंगामांतला फरक विम्याच्या तारखा ठरवताना फार मोलाचा असतो, आणि तो नेमका भाषांतरात पुसट होतो. मला ही हानी लहान वाटत नाही.

विधानसभेच्या २३० जागांपैकी बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या दोन: बऱ्हाणपूर आणि आता अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली नेपानगर. जिल्हाही तसा नवाच, १५ ऑगस्ट २००३ ला खंडव्यातून वेगळा झालेला. दोनच आवाज, आणि त्यांत मराठी केळीवाले, उर्दू बोलणारे विणकर, सातपुड्यातले कोरकू आणि बारेला, सगळ्यांनाच जागा हवी. तरीही या भागाने सभागृहाला एक अध्यक्ष दिला: १९९० ते १९९३ या काळात ब्रिजमोहन मिश्र त्या आसनावर होते. त्यांच्या कन्या अर्चना चिटणीस २००३ मध्ये नेपानगरमधून निवडून आल्या, पुढे बऱ्हाणपूरच्या आमदार झाल्या, मंत्री झाल्या. २०१८ मध्ये अपक्ष सुरेंद्रसिंह 'शेरा' यांनी त्यांना हरवलं, २०२३ मध्ये त्या परत आल्या. अपक्षाला निवडून देणारा हा मतदार पक्षाच्या चिन्हाला बांधलेला नाही, एवढं त्यावरून दिसतं.

दिल्लीची वाट याहून लांब. बऱ्हाणपूरचा खासदार खंडवा मतदारसंघाचा असतो. त्यात चार जिल्ह्यांतले आठ विधानसभा मतदारसंघ येतात. नर्मदेपलीकडचं बागलीही त्यातच. मूळच्या धारच्या मराठी घरातले कुशाभाऊ ठाकरे १९७९ च्या पोटनिवडणुकीत इथूनच लोकसभेत गेले. शाहपूरचे नंदकुमारसिंह चौहान, लोकांचे 'नंदू भैया', १९९६ पासून २००९ ची निवडणूक वगळता दर वेळी निवडून येत राहिले आणि मार्च २०२१ मध्ये खासदार असतानाच गेले. त्यांच्या जागी आलेले ज्ञानेश्वर पाटील २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

या आमदार-खासदारांच्या हातात साधनं कोणती? लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न, २३० अतारांकित, आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर. नियम ३७७ खाली लेखी मुद्दा मांडायचा तर तो २५० शब्दांत बसवायचा. २५० शब्दांत ताप्ती कापड गिरणी, यंत्रमाग, रेल्वेचा थांबा आणि केळीचा विमा मावत नाहीत; एका वेळी एकच फिर्याद निवडावी लागते आणि उरलेल्या गावी परतून समजावून सांगाव्या लागतात. भोपाळमध्ये तारांकित प्रश्न आहे, ध्यानाकर्षण सूचना आहे. तिथल्या कार्यवाहीत एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: 'जानकारी एकत्रित की जा रही है.' माहिती गोळा करणं चालू आहे. पडलेल्या बागेच्या मालकाला हे उत्तर वाचून दाखवणं किती जड जात असेल!

चिकाटीचं फळ कधी मिळतच नाही, असं मात्र नाही. नेपानगरची कागद गिरणी २६ एप्रिल १९५६ ला नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. देशातला वृत्तपत्राचा कागद बनवणारा तो पहिला कारखाना. २०१६ मध्ये आधुनिकीकरणासाठी उत्पादन थांबलं आणि यंत्रं सहा वर्षं मुकी राहिली. अख्खी वसाहत गिरणीच्या भोंग्यावर जगणारी. केंद्राकडून पैसा सुटावा म्हणून दिल्लीत पाठपुरावा चालू राहिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली.

पाण्याची गोष्ट याहून मोठी. केळी ही पाण्याची तहानेली, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात विहिरी, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या दगड-गोट्यांचे जाड थर आहेत. पाणी त्यांत झपाट्याने मुरतं. मोगल सरदार रहीम खान-ए-खानानच्या काळात, १६१५ मध्ये, याच डोंगरउताराचं भूगर्भातलं पाणी बोगद्याने शहरात आणलं गेलं. तो कुंडी भंडारा, ज्याला खूनी भंडाराही म्हणतात, २०२४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी या थरांवर सोडून जमिनीत मुरवायचं, हा तापी मेगा रिचार्जचा विचार त्याच भूगोलावर उभा आहे. नदी एकट्या मध्य प्रदेशाची नाही, म्हणून एका सभागृहात कितीही बोललं तरी पुरणारं नव्हतं. बऱ्हाणपूरकडून भोपाळला आणि जळगावकडून मुंबईला एकच मागणी जावी लागली.

१० मे २०२५ ला भोपाळमध्ये मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस या दोन मुख्यमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातलं ११.७६ मध्य प्रदेशाला, १९.३६ महाराष्ट्राला. बंधारा खंडवा जिल्ह्याच्या खालवा तालुक्यात आणि अमरावतीच्या धारणीत, खारिया-गुटीघाटाजवळ. सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकच दुखणं एकाच कागदावर आलेलं पाहून मला भरून आलं.

मराठीच्या वाट्याला असा कागद अजून आलेला नाही. कलम ३५० प्रमाणे कोणीही आपलं गाऱ्हाणं राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत सरकारकडे लिहून देऊ शकतो. कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. शाहपूर, इच्छापूरच्या पोरांसाठी शिक्षक आणि पाठ्यपुस्तकं मागायची झाली, तर विचारणारा पुन्हा तोच, २३० मधला एक. आणि प्रश्न लिहून द्यायचा तो हिंदीत.